खेमकरणाहून राळेगणास

पलटणींतून परत आलेल्या शिपायाचें पुढें काय होतें, याचा विचार आपल्या गांवांनीं फारसा केलेला नाहीं. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, रत्नागिरी या जिल्ह्यांतून फौजेंत जाण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. शिपाई रजेवर आला म्हणजे त्याचें कौतुक होतें. त्याची ट्रंक उघडतांना शेजारीपाजारी जमतात. परंतु तोच गृहस्थ पेन्शन घेऊन कायमचा घरीं आला म्हणजे वर्ष-सहा महिन्यांत पारावर बसणाऱ्या मंडळींतला एक होऊन जातो. परप्रांतांत पाहिलेली शेती, अंगीं बाणलेली शिस्त, दहा माणसांकडून एक काम वेळेवर करून घेण्याची हातोटी, हें सारें भांडवल त्याच्या बिल्ल्यांबरोबर पेटींत पडून राहतें. गांव तें मागत नाहीं आणि तोही आपण होऊन देत नाहीं.

या नेहमींच्या प्रकारास एक मोठा अपवाद नगर जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धि येथें घडला. श्री. किसन बाबूराव हजारे यांचें नांव पुढें सर्व देशभर झालें तें निराळ्या कारणांनीं. आणि उपोषणें, मोर्चे व कायदे यांच्या गर्दींत त्यांचें मूळचें काम, जें आम्हां शेतकऱ्यांच्या खऱ्या उपयोगाचें, तें मागें पडलें. म्हणून आजच्या लेखांत आम्ही दिल्लीची वाट न धरतां राळेगणच्या ओढ्याची वाट धरणार आहों.

हजारे यांचा जन्म १९३७ सालीं नगरजवळील भिंगार येथें झाला. आजोबा लष्करांत होते, त्यामुळें कुटुंबाचा मुक्काम छावणीच्या कडेला. वडील बाबूराव हे एका आयुर्वेदिक रसशाळेंत मजुरीचें काम करीत. १९५२ सालीं हें कुटुंब आपल्या मूळ गांवीं, राळेगणास, परत आलें. भावंडें पुष्कळ, शेती थोडी आणि तीही पावसाच्या भरंवशावरची. तेव्हां घरची स्थिति कशी असेल तें आमच्या वाचकांस फोडून सांगावयास नको. एका नातलगानें या थोरल्या मुलास शिक्षणासाठीं मुंबईस नेलें. सातवीपर्यंत शिक्षण झालें आणि पुढें पैशाअभावीं थांबलें. मग दादरला फुलें विकण्यास सुरुवात झाली व हळूहळू फुलांचें दुकान उभें राहिलें. त्या दुकानावर स्वतःचें पोट भरून घरीं पैसे पाठविणें आणि धाकट्या भावांस मुंबईस आणून कामास लावणें, ही थोरल्या मुलाची जबाबदारी त्यांनीं सांभाळली. हजारे यांनीं लग्न केलें नाहीं, म्हणून त्यांनीं संसार केला नाहीं असें लोक म्हणतात. आम्हांस तें तितकेंसें पटत नाहीं. आईबाप व पांच-सहा भावंडांचा संसार ज्यानें विशीच्या आंत डोक्यावर घेतला, त्याला प्रपंच ठाऊक नाहीं असें कोणी म्हणावें?

साठाच्या दशकाच्या आरंभीं ते लष्करांत भरती झाले. काम मोटार हांकण्याचें. १९६५ च्या युद्धांत त्यांची नेमणूक पंजाबांत खेमकरण आघाडीवर होती. तेथें झालेल्या हल्ल्यांत त्यांच्या बरोबरचे सोबती मारले गेले व ते स्वतः थोडक्यांत बचावले. आपणच कां उरलों, हा प्रश्न अशा प्रसंगीं पुष्कळ शिपायांच्या मनांत येत असेल. बहुतेकांच्या मनांत तो कांहीं दिवस राहतो व विरून जातो. हजारे यांच्या मनांत तो राहिला. त्याच सुमारास नवी दिल्लीच्या स्टेशनावरील पुस्तकांच्या दुकानांत स्वामी विवेकानंदांचें एक लहान पुस्तक त्यांच्या हातीं पडलें, आणि उरलेलें आयुष्य लोकांच्या कामीं लावावयाचें असें त्यांनीं ठरविलें.

येथें त्यांच्या चरित्रांतील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते, तिच्याकडे लिहिणारे सहसा लक्ष देत नाहींत. निश्चय झाला म्हणून दुसऱ्या दिवशीं राजीनामा देऊन ते गांवीं आले नाहींत. पेन्शनीस लागणारीं वर्षें तेव्हां पुरीं झालीं नव्हतीं. गांवांत जाऊन सेवा करावयाची तर स्वतःच्या भाकरीचा भार गांवावर पडतां कामा नये, हा हिशेब त्यांनीं केला आणि पुढें कित्येक वर्षें मुकाट्यानें मोटार हांकीत नोकरी पुरी केली. उत्साहाच्या भरांत घरदार सोडून देशसेवेस निघालेले व पुढें वर्गणीवर जगणारे पुष्कळ गृहस्थ आपण पाहिले आहेत. पेन्शन आधीं व सेवा मागून, हा क्रम दिसण्यांत साधा असला तरी ज्यांच्यापाशीं मागावयास जाणार नाहीं त्यांनाच खरें बोलतां येतें. १९७५ च्या सुमारास ते राळेगणास परत आले.

तेव्हांचें राळेगण कसें होतें? गांवाचें क्षेत्र सुमारें ९८० हेक्टर. पाऊस वर्षाला ४०० ते ५०० मिलिमीटर, म्हणजे सोळा ते वीस इंच, आणि तोही चार-दोन मोठ्या सरींत पडून ओढ्यानें वाहून जाणारा. बागाईत नांवापुरतें. उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याची वाण. बहुतेक घरांस वर्षभराचें धान्य पुरत नसे. तरणी माणसें मजुरीस बाहेर जात. या दैन्यांत गांवास एकच धंदा चांगला साधला होता, तो गावठी दारू गाळण्याचा. तीसांहून अधिक भट्ट्या गांवांत चालत. श्रीयादवबाबांच्या देवळाचें लांकूडसुद्धां त्या भट्ट्यांखालीं गेलें, असें सांगतात.

हजारे यांनीं पहिलें काम हातीं घेतलें तें त्या देवळाचें. निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या पैशांतून त्यांनीं जीर्णोद्धारास आरंभ केला. प्रथम कोणीं बोलावलें नाहीं, कोणीं अडविलेंही नाहीं. पुढें एक एक माणूस हात लावूं लागला. म्हातारे सामान आणूं लागले, पोरें दगड वाहूं लागलीं. देऊळ उभें राहिलें आणि हजारे तेथेंच एका खोलींत राहूं लागले. घर होतें, भाऊ होते, परंतु राहणें देवळांत. हें कित्येकांस ढोंग वाटेल. आम्हांस त्यांत व्यवहार दिसतो: ज्या जागीं सारा गांव येतो, त्या जागीं राहिलेल्या माणसाला निरोप धाडून सभा बोलवावी लागत नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे येऊं.

१९७२ च्या दुष्काळांत सरकारनें जागोजाग कामें काढलीं. रस्ते झाले, खडी फुटली, आणि पुष्कळ गांवीं पाझर तलाव झाले. राळेगणासही त्या वेळीं एक तलाव झाला. परंतु त्याचा बांध गळका निघाला व पाणी ठरेना. सरकारी काम, तें बिघडलें तर सरकारनें दुरुस्त करावें, अशी सर्वत्र समजूत असते. हजारे यांनीं गांवास सांगितलें कीं तलाव सरकारचा असेल, पण कोरडी विहीर तुमची आहे. श्रमदानानें बांधाची दुरुस्ती झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत बांधाखालच्या सात विहिरींस पाणी राहिलें. लोकांच्या आठवणींत उन्हाळ्यांत त्या विहिरींस पाणी राहिल्याचें तें पहिलेंच वर्ष होतें. आमच्या मतें राळेगणची सारी कथा या सात विहिरींत आहे. त्या भरल्या नसत्या तर पुढचें एकही व्याख्यान कोणीं ऐकलें नसतें.

पाझर तलाव गळका असणें म्हणजे काय, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. कारण हा तलाव मुळीं पाझरण्यासाठींच असतो. म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. आपल्या दख्खनच्या काळ्या फत्तरावर वरून मातीचा थर, त्याखालीं मुरूम, त्याखालीं फुटका, भेगाळलेला खडक व मग सलग कातळ. विहिरींस पाणी येतें तें या मुरमांतून व भेगांतून. तलावाच्या तळांतून पाणी मुरूं लागलें म्हणजे तें या थरांतून सावकाश खालच्या अंगास सरकतें व महिन्या-दोन महिन्यांनीं विहिरींत उतरतें. हा पाझर लाभाचा. पण बांधाच्या पायाची चर घट्ट थरापर्यंत नेलेली नसली, किंवा पोटांत चिकण काळ्या मातीचा गाभा नीट धुम्मस करून घातलेला नसला, तर पाणी बांधाच्या बुडांतूनच पलीकडे निघतें आणि ओढ्याला लागून चार दिवसांत नाहींसें होतें. ती गळती. बाहेरून पाहणारास दोन्ही सारखींच, कारण दोन्ही प्रकारांत तलाव रिकामा होतो. ओळखावयाचें तें विहिरीवरून: तलाव आटला व विहीर चढली तर तलाव चांगला, तलाव आटला, ओढा वाहिला आणि विहीर जशीच्या तशी राहिली, तर बांध तपासावा.

सात विहिरींच्या अनुभवानंतर गांवास वरच्या अंगाचें काम समजावून देणें सोपें झालें. या कामास क्रम आहे आणि तो चुकला तर पैसा मातींत जातो. प्रथम माथा: डोंगरउतारावर समतल चर, गवत, झाडें, म्हणजे पाणी धांवण्याऐवजीं चालूं लागतें. मग शेतें: बांधबंदिस्ती. मग ओढ्याच्या वरच्या फांट्यांवर दगडांचे लहान अडसर व खालीं मातीचे अथवा पक्के नालाबांध. सर्वांत शेवटीं तलाव. उलट क्रमानें, म्हणजे तलाव आधीं व माथा उघडा, असें केलें तर दोन पावसाळ्यांत तलावांत गाळ येतो व मुरण्याचीं तोंडेंच बुजून जातात. राळेगणांत उतारावर झाडें लावलीं गेलीं तीं टिकावीं म्हणून मोकाट चराई बंद झाली व कुऱ्हाड बंद झाली. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान हीं राळेगणचीं पांच सूत्रें पुढें सर्वत्र प्रसिद्ध झालीं. वाचतांना तीं उपदेशासारखीं वाटतात. पण त्यांतलीं दोन तर उघड पाण्याचीं आहेत. गवत राहिलें तर माती राहते, आणि माती राहिली तर पाणी मुरतें.

पाणी अडविणें हा कामाचा सोपा अर्धा भाग. अडलेलें पाणी कोणी व कशास वापरावें, हा कठीण भाग. येथेंच बहुतेक गांवांचें काम फसतें. विहिरीस पाणी लागलें कीं पहिला विचार उंसाचा. ऊंस वर्षभर, आणि आडसाली असला तर दीड वर्ष, रानांत उभा; त्याच्या एका एकरास लागणाऱ्या पाण्यावर ज्वारी-कडधान्याचीं कित्येक शेतें निघतात. राळेगणानें उंसास मनाई केली. विंधनविहिरी घेऊन खालच्या खडकांतलें सामाईक पाणी एकट्यानें ओढण्यासही गांवानें बंदी घातली. त्याऐवजीं कांदा, भाजीपाला, डाळी, गळिताचीं पिकें यांवर भर दिला, आणि गवत वाढल्यामुळें दुभतीं जनावरें वाढलीं.

या विचाराचा उगम राळेगणांतला नव्हे, हें सांगितलें पाहिजे. पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें कै. विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला होता. त्यांत पाण्याचा हक्क जमिनीवर न देतां माणशीं दिला होता: दर माणशीं अर्ध्या एकरापुरतें पाणी, कुटुंबास जास्तींत जास्त अडीच एकरांचें, आणि ऊंस वर्ज्य. ज्यास जमीन नाहीं त्यासही पाण्याचा वांटा. साळुंखे यंत्रांच्या धंद्यांतले इंजिनियर; हजारे मोटार हांकणारे शिपाई. शेतीखात्याबाहेरच्या या दोन माणसांनीं पाण्याविषयीं आम्हां शेतकऱ्यांस शिकवावें, याची आम्हांस थोडी लाज वाटते, ती येथें नमूद करतों. हजारे यांनीं साळुंखे यांच्यापासून घेतलें व तें लपविलें नाहीं. १९९० च्या आसपास पारनेरच्या शेजारीं नगर तालुक्यांतील हिवरेबाजारास सरपंच श्री. पोपटराव पवार यांनीं राळेगणाहून घेतलें, आणि त्यांत वर्षाच्या पाण्याचा जमाखर्च मांडण्याची भर घातली: पाऊस किती झाला तें मोजावयाचें, आणि त्याप्रमाणें रब्बीस कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें गांवानें बसून ठरवावयाचें. चांगली गोष्ट अशीच एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाते.

पाण्याबरोबर राळेगणांत ज्या इतर गोष्टी झाल्या त्यांपैकीं दोनच सांगतों. १९८० च्या सुमारास गांवानें धान्यकोठी काढली. ज्याच्या घरीं सुगी चांगली त्यानें कोठींत धान्य घालावयाचें; ज्याची पंचाईत असेल त्यानें न्यावयाचें व पुढच्या सुगीस कांहीं भर घालून परत करावयाचें. सावकाराची गरज निम्मी तेथेंच संपते. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. गांवांतील दलित कुटुंबांवर कर्जाचा बोजा झाला होता व तें फिटण्याचा मार्ग दिसत नव्हता. तेव्हां इतर गांवकऱ्यांनीं त्यांच्या शेतांत श्रमदान करून पीक काढलें व त्या उत्पन्नांतून कर्जाची फेड केली. सहभोजनाचे समारंभ पुष्कळ होतात. ज्याला काल विहिरीवर येऊं देत नव्हतों त्याच्या शेतांत नांगर धरणें हें वेगळें.

आतां जें आम्हांस रुचत नाहीं तेंही सांगावयास हवें. नाहींतर हा लेख मानपत्र होईल. दारूबंदीच्या कामांत तीनदां समज देऊन न ऐकणाऱ्यास देवळापुढील खांबास बांधून फटके देण्याचा प्रकार राळेगणांत झाला. हजारे यांनीं तो कधीं नाकारला नाहीं. आई मुलास कडू औषध पाजते तसें तें होतें, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस हें पटत नाहीं. गांव ही पलटण नव्हे. पलटणींत शिपाई सही करून जातो, गांवांत माणूस जन्मतो. ज्या घरांत दारूनें चूल विझली त्या घरच्या बाईला हा प्रश्न विचारला तर ती कदाचित् आमच्याशीं भांडेल, हें आम्ही जाणून आहों. तरीही जी सुधारणा पट्ट्याच्या भयानें होते ती पट्टा दिसेनासा झाला म्हणजे टिकेल कीं नाहीं, याची काळजी वाटते. फार वर्षें राळेगणांत ग्रामपंचायतीची निवड बिनविरोध होत असे व तें ऐक्याचें लक्षण मानलें जाई. जानेवारी २०२१ मध्यें तेथें निवडणूक लढली गेली व मतदान झालें. कित्येकांनीं यावर हळहळ केली. आम्हांस तें वाईट चिन्ह वाटलें नाहीं. एका माणसाच्या शब्दावर चाललेलें गांव त्याच्या हयातींतच आपसांत वाद घालावयास शिकलें, तर तें मागाहून शिकण्यापेक्षां बरें.

दुसरें असें कीं राळेगणची सारी भरभराट नालाबांधांनींच झाली असें जें सांगतात तें पुरतें खरें नाहीं. कुकडीच्या कालव्याचें पाणीही उपशानें गांवच्या कांहीं क्षेत्रास मिळालें. ही गोष्ट लपवून दुसऱ्या गांवास आशा दाखविली तर तें गांव दोन वर्षांनीं निराश होऊन चर बुजवील. नुसत्या अडविलेल्या पाण्यावर पिण्याची सोय, खरिपाची शाश्वति व रब्बीचा बराचसा भाग साधतो. आणि सोळा इंच पावसाच्या मुलखांत तेवढें थोडें नाहीं.

पुढची हकीकत वर्तमानपत्रांतून सर्वांस माहीत आहे. १९९० सालीं पद्मश्री व १९९२ सालीं पद्मभूषण मिळालें. राळेगणच्या धर्तीवर राज्य सरकारनें आदर्श गांव योजना काढली. मग माहितीच्या अधिकाराची चळवळ, ज्याचा कायदा महाराष्ट्रांत २००२ सालीं व देशांत २००५ सालीं झाला. आणि ऑगस्ट २०११ मध्यें लोकपालासाठीं दिल्लीस रामलीला मैदानावरील उपोषण. या राजकारणाविषयीं मतें पुष्कळ आहेत व त्यांची चर्चा करण्याचें हें स्थळ नव्हे. आम्ही इतकेंच म्हणूं कीं गांवांतील कामांत सरकारी कागद पाहावयास मिळणें किती अवघड असतें, हें ज्यानें एकदां अनुभवलें त्याला माहितीचा अधिकार कां हवा होता तें सांगावें लागत नाहीं.

हा विषय आम्हीं घेतला त्यास एक घरगुती कारणही आहे. आमच्या गांवच्या वरच्या अंगास त्याच दुष्काळांतला एक पाझर तलाव आहे. भाद्रपदांत तो भरतो आणि दसऱ्याच्या आधीं कोरडा होतो. दुरुस्तीसाठीं संबंधित कचेरीकडे आजवर जितके अर्ज गेले त्यांच्या नकलांची आमच्यापाशीं एक जाड फाईल झाली आहे. गेल्या पावसाळ्यांत एका निवृत्त सुभेदारांस बरोबर घेऊन आम्ही बांध पाहावयास गेलों. पारावर ते सहसा बोलत नाहींत. बांधावर मात्र ते आमच्या पुढें चालले, खालच्या अंगास उतरले, आणि जेथें जेथें माती ओली लागली तेथें तेथें बाभळीच्या खुंट्या ठोकीत गेले. अकरा खुंट्या झाल्या. त्यांतल्या आठ ओढ्याच्या जुन्या पात्राच्या रेषेवर आल्या. गळती बांधभर नसून तेवढ्या पट्ट्यांतच असावी, आणि तेथें पायाची चर ओढ्याच्या वाळूवरच थांबली असावी, असा त्यांचा तर्क आहे. होळी झाल्यावर तलाव कोरडा असतांना तेवढा भाग उघडून पाहावयाचा असें ठरलें आहे. खुंट्या अजून जागेवर आहेत. गुराख्यांनीं उपटूं नयेत म्हणून सुभेदार दर आठ दिवसांनीं जाऊन पाहून येतात.